नदीकाठच्या छोट्या ऐतिहासिक शहरात बैठक आणि गटसहल: पहिल्यांदाच आखणी करणाऱ्यांसाठी

नदीकाठच्या एखाद्या छोट्या, जुन्या शहरात शंभर-सव्वाशे लोकांची बैठक घ्यायची आणि जमलंच तर त्यांना शहरही दाखवायचं, असं काम पहिल्यांदा अंगावर पडलं की बहुतेक जण आधी सभागृह शोधायला लागतात. महानगरात ते चालून जातं. एक हॉटेल भरलं तर शेजारी दुसरं असतं, बस कुठेही वळते, गाइड ऐनवेळीही मिळतो. छोट्या जुन्या शहरात सगळंच मोजकं असतं: खोल्या, गाइड, पूल, बस उभी करायची जागा. यातली जी गोष्ट सर्वांत तोकडी, तीच तुमच्या कार्यक्रमाचा आकार ठरवते. आखणीला तिथूनच सुरुवात करा. सभागृह नंतर.

ही शहरं बैठकांना अजिबात नवखी नाहीत, हेही लक्षात असू द्या. जर्मनीतल्या डॅन्यूबकाठच्या रेगेन्सबुर्गमध्ये पवित्र रोमन साम्राज्याची राइखस्टाग, म्हणजे प्रतिनिधिसभा, १६६३ मध्ये जमली आणि १८०६ पर्यंत बहुतेक काळ तिथेच भरत राहिली. ऱ्हाइन जिथे सरोवरातून बाहेर पडते त्या कोन्स्टान्झमध्ये १४१४ ते १४१८ अशी चार वर्षं धर्मपरिषद चालली. तिथल्या व्यापाऱ्यांच्या वखारीत १४१७ मध्ये पोपची निवड झाली, आणि ती इमारत आजही समारंभांसाठी मिळते. युरोपियन युनियनचा करार ७ फेब्रुवारी १९९२ रोजी मास नदीकाठच्या मास्ट्रिख्टमध्ये सह्या होऊन झाला. लाओसमधल्या मेकाँगकाठच्या लुआंग प्राबांगमध्ये जानेवारी २०२४ मध्ये आसियानचे परराष्ट्रमंत्री भेटले. तेव्हा शहर लहान आहे म्हणून कचरू नका. त्याच्या मापाने आखायला शिका.

पहिलं काम: एका पानाचा तपशील

कोणालाही फोन करण्याआधी एका पानावर तुमची गरज लिहून काढा. माणसांचा आकडा तीन प्रकारे लिहा: कमीत कमी, अपेक्षित आणि जास्तीत जास्त. किती जण मुक्कामी, किती जण नुसते दिवसापुरते, चाकाची खुर्ची किंवा काठी वापरणारे किती, खाण्याची पथ्यं काय, भाषा कोणत्या. बैठकीचा प्रकारही स्पष्ट लिहा. दिवसभर भाषणं ऐकायची असतील तर एक मोठं दालन लागतं. गटांत बसून काम करायचं असेल तर चार लहान खोल्या जास्त उपयोगाच्या. आणि जुन्या शहरात चार लहान खोल्या मिळणं एका मोठ्या दालनापेक्षा बरंच सोपं असतं. कार्यक्रम अजून पक्का नसेल तर त्याला या बाजूला वळवता येतं का ते आत्ताच पाहा.

तारीख: शहराची आणि नदीची, दोन्ही पंचांगं पाहा

एकच तारीख धरून बसू नका. दोन-तीन आठवडे पर्याय म्हणून ठेवा, आणि प्रत्येकाबद्दल शहरात त्या वेळी आणखी काय आहे ते विचारा. ऱ्होनकाठच्या आव्हिन्योंमध्ये १९४७ पासून नाट्यमहोत्सव होतो. जुलैत तिथे बैठक घ्यायची म्हणजे खोल्यांसाठी अख्ख्या महोत्सवाशी स्पर्धा. इंग्लंडमधल्या डरॅममध्ये विद्यापीठाचे पदवीदान समारंभ थेट कॅथीड्रलमध्ये होतात, त्या आठवड्यात पालकांनी शहर भरलेलं असतं. याची दुसरी बाजूही आहे: सुट्ट्यांमध्ये विद्यार्थी घरी गेले की तिथल्या कॉलेजांतल्या खोल्या आणि भोजनगृहं परिषदांना दिली जातात. विद्यापीठ असलेल्या कुठल्याही छोट्या शहरात हा प्रश्न आवर्जून विचारा. जर्मन शहरांत नाताळ-बाजाराचे आठवडे देखणे असतात, पण शनिवार-रविवारी गल्लीतून गट नेणं दुरापास्त होतं. शिवाय अनेक संग्रहालयं सोमवारी बंद असतात. दौरा नेमका सोमवारी आला तर निम्मी यादी तिथेच गळते.

नदीचं पंचांग नवखे आयोजक हमखास विसरतात. पासाउमध्ये डॅन्यूब, इन आणि इल्झ या तीन नद्या मिळतात. जून २०१३ मध्ये तिथे पाणी १२.८९ मीटरवर गेलं; १५०१ नंतर तेवढा पूर आला नव्हता. जुन्या नगरगृहाच्या भिंतीवर पुरांच्या खुणा आहेत, त्या पाहिल्यावर कुणालाही सांगावं लागत नाही. व्हिएतनाममधल्या होई आनला ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जुन्या वस्तीत पाणी शिरणं नित्याचं आहे. उलट २०१८ आणि २०२२ च्या उन्हाळ्यात ऱ्हाइनचं पाणी इतकं उतरलं की जहाजं अडकली. म्हणजे पाणी जास्त झालं तरी बोट बंद, कमी झालं तरी बंद. जास्त पाण्यात बोट पुलाखालून जात नाही, कमी पाण्यात तळाला लागते. बऱ्याच नद्यांच्या पातळीची मोजणी सरकारी संकेतस्थळांवर खुली असते. तुमच्या आठवड्यात मागच्या काही वर्षांत पाणी कुठे होतं ते आधी बघून घ्या. यात अर्धा तास जातो आणि पुढचा बराच मनस्ताप वाचतो.

कोणाला विचारायचं

बहुतेक अशा शहरांत पर्यटन कार्यालय असतं, आणि त्यात बैठकांसाठी वेगळा माणूस किंवा कन्व्हेन्शन ब्यूरो असतो. सभागृहांची यादी देणं, हॉटेलांकडून दर मागवणं, पाहणीचा दिवस ठरवून देणं हे काम ते बहुधा आयोजकाकडून पैसे न घेता करतात, कारण त्यांचा खर्च शहर आणि तिथले व्यावसायिक उचलतात. तुमचं ते एक पान त्यांना पाठवा आणि उत्तराची तारीख लिहा. पाच हॉटेलांना स्वतंत्रपणे तेच विचारत बसू नका. छोट्या गावात सगळे एकमेकांना ओळखतात. एकच चौकशी पाच वाटांनी पोहोचली की मागणी वाढल्याचा आभास होतो आणि दर चढतात.

जागा आवडली पण निर्णय बाकी असेल तर ‘ऑप्शन’ मागा. म्हणजे ठरावीक तारखेपर्यंत ती तुमच्या नावावर राखलेली राहते. आपला ऑप्शन पहिला की दुसरा, हे लेखी घ्या. दुसरा असेल तर पहिल्याने हो म्हटल्यावर तुमची जागा गेलीच.

खोल्या आधी, मग दालन

जुन्या वस्तीतली हॉटेलं वीस-तीस खोल्यांची असतात, कारण ती जुन्या घरांतच उभी राहिली आहेत. सव्वाशे माणसं एका छपराखाली राहतील ही अपेक्षा सोडा आणि पाच ठिकाणी राहणार असं धरून चाला. मग प्रश्न उरतो वाटणीचा. वयस्कर किंवा चालायला त्रास असलेल्यांना दालनाच्या सर्वांत जवळ ठेवा, लिफ्ट आहे का ते आधी विचारून. वक्ते एकत्र ठेवा. सगळ्या हॉटेलांना एकच दर्जा नसेल तर फरक सहभागींना आधीच सांगा. एकाला नदीचं दृश्य आणि दुसऱ्याला मागची गल्ली मिळाली की चहाच्या वेळी तोच विषय होतो.

करारात तीन गोष्टी नीट वाचा. एक, कट-ऑफ तारीख: त्यानंतर न भरलेल्या खोल्या हॉटेल परत घेतं. दोन, अट्रिशन: राखलेल्यांपैकी किती टक्के कमी झाल्या तरी चालतील. ८० खोल्या आणि २० टक्के कमी करायची मुभा असेल तर किमान ६४ खोल्यांचे पैसे तुम्हाला भरावेच लागतील, माणसं पन्नास आली तरी. तीन, रद्द करण्याची शिडी: तारीख जवळ येईल तशी भरपाई कशी वाढते. पुरामुळे शहरात जाणंच बंद झालं तर काय, हे कलम नदीकाठच्या शहरात जरूर घालून घ्या. नुसतं ‘नैसर्गिक आपत्ती’ लिहून भागत नाही. रस्ता बंद, रेल्वे बंद, प्रशासनाचा इशारा अशा स्पष्ट खुणा लिहा.

पाहणी: शहर पायांनी मोजा

या टप्प्याला वेळ द्या. नकाशावर स्टेशनपासून दालन ८०० मीटर दिसतं. एकटा माणूस दहा मिनिटांत पोहोचतो. पन्नास जणांचा गट बॅगा ओढत, दगडी फरसबंदीवरून, फोटो काढत निघाला की तेच अंतर वीस-पंचवीस मिनिटांचं होतं. म्हणून पाहणीला जाल तेव्हा मुद्दाम सावकाश चाला, चाकांची बॅग बरोबर न्या, आणि पाऊस पडत असेल तर जास्तच चांगलं. ओल्या गुळगुळीत दगडावर चामडी तळव्याचा बूट कसा घसरतो हे तेव्हाच कळतं. मग आमंत्रणात ‘रबरी तळव्याचे बूट घाला’ ही ओळ तुम्ही आपोआप घालता.

चालताना अरुंद जागा टिपत जा. कुठला दरवाजा एकेरी आहे, कुठल्या पायऱ्यांना कठडा नाही, कुठे दोन माणसं समोरासमोर आली की एकाला थांबावं लागतं. मनोऱ्याचे जिने हे ठळक उदाहरण. डरॅम कॅथीड्रलच्या मनोऱ्याला ३२५ पायऱ्या आहेत, अरुंद आणि गोल फिरत जाणाऱ्या. असा जिना कार्यक्रमात ठेवायचा असेल तर तो ऐच्छिक ठेवा आणि न चढणाऱ्यांसाठी खाली काहीतरी खरंखुरं ठेवा, नुसतं बाकावर बसवू नका.

स्वच्छतागृहांचं गणित कागदावर करा. पन्नास माणसं, दोन स्वच्छतागृहं, प्रत्येकी दोन मिनिटं: पन्नास मिनिटं. तुमचा चहाचा वेळ वीस मिनिटांचा असेल तर दुपारचं सत्र तिथेच लांबलं. उपाय साधे आहेत: मध्यंतर लांबवा, दोन गटांना वेगवेगळ्या वेळी सोडा, किंवा शेजारच्या कॅफेशी आधी बोलून ठेवा. पण हे उपाय पाहणीच्या दिवशी सुचायला हवेत.

शेवटी, कार्यक्रमाच्याच वारी आणि त्याच वेळी एकदा दालनात उभे राहा. बारा वाजता शेजारच्या चर्चच्या घंटा किती वेळ वाजतात? दुपारचं ऊन पडद्यावर येतं का? खाली बाजार भरतो का?

जुन्या वास्तूतलं दालन

कमानीच्या छताखाली बसणं हा या शहरांचा मोठा आनंद आहे आणि मी तो कुणालाही नाकारायला सांगणार नाही. मात्र वास्तूच्या व्यवस्थापकाला प्रश्नांची जंत्री आधी द्या. आगसुरक्षेनुसार आत किती माणसांना परवानगी? वीजभार किती, कॉफीची यंत्रं आणि प्रोजेक्टर एकाच लाइनवर तर नाहीत? भिंतीला काही चिकटवता येतं का, मेणबत्ती चालते का, लाकडी फरशीवर उंच टाचा चालतात का? जाड दगडी भिंतींत मोबाइलचं नेटवर्क मरतं, तेव्हा वायफाय किती जणांना पुरेल ते प्रत्यक्ष जोडून पाहा. कमानींत आवाज घुमतो. मोठ्या स्पीकरपेक्षा ठिकठिकाणी लावलेले लहान स्पीकर ऐकायला स्पष्ट लागतात.

बसण्याचा ढोबळ अंदाज असा धरा: नुसत्या खुर्च्यांच्या रांगा असतील तर माणशी एक चौरस मीटर, पुढे टेबल असेल तर जवळपास दीड ते दोन. मंच, मागचं टेबल आणि खांबांआडच्या जागा आधी वजा करा. खांबांआड बसलेल्या माणसाला पडदा दिसत नाही आणि तो दहा मिनिटांत फोन काढतो.

सामान कधी पोहोचणार हेही विचारा. पादचारी भागात मालगाड्यांना बहुधा सकाळच्या ठरावीक तासांतच सोडतात. सकाळी नऊला बैठक आणि त्याच सकाळी सामान, हे जमत नाही. आदल्या दिवशी आणा आणि रात्री कुलपात राहील अशी खोली मागून घ्या.

बस कुठे थांबणार

गटसहलीचा सगळ्यात मोठा खोळंबा इथे होतो. मोठ्या बसमध्ये पन्नासच्या आसपास माणसं येतात आणि ती बस जुन्या वस्तीत शिरतच नाही. रेगेन्सबुर्गचा बाराव्या शतकातला दगडी पूल आता चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठीच आहे. चेक प्रजासत्ताकातल्या चेस्की क्रुमलॉव्हने २०१९ पासून पर्यटक-बसना आधी वेळ आरक्षित करून, शुल्क भरूनच ठरलेल्या थांब्यावर यायला सांगितलं आहे. साल्झबुर्गमध्येही बससाठी आधी नोंदणी लागते. तेव्हा तुमच्या शहरात तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारा: उतरायचं कुठे, मधल्या वेळात बस उभी कुठे राहणार, परत चढायचं कुठे. तिन्ही जागा बहुतेक वेळा वेगळ्या असतात, आणि चढण्याची जागा न सांगितल्यामुळेच माणसं हरवतात.

चालकाचे तासही धरा. युरोपियन युनियनमध्ये साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती बंधनकारक आहे. रात्रीचं जेवण लांबलं म्हणून चालकाला थांबवून ठेवता येत नाही; त्याची दिवसाची मर्यादा संपली की बस जागची हलत नाही.

शहर दाखवताना

एका गाइडमागे पंचवीसपेक्षा जास्त माणसं देऊ नका. व्हेनिसने तर २०२४ पासून गटांना २५ ची मर्यादाच घातली आणि ध्वनिवर्धक बंद केले. त्यांनी ते शहराच्या श्वासासाठी केलं, पण गटाचाही त्यात फायदा आहे: तिसाव्या माणसाला काहीच ऐकू येत नसतं. शंभर जणांचे चार गट करा आणि सगळ्यांना एकाच दरवाजातून एकाच वेळी सोडू नका. दोन गट पुलाकडून, दोन कॅथीड्रलकडून निघू द्या. कानातले रिसीव्हर मिळत असतील तर घ्या. गाइडला ओरडावं लागत नाही आणि गल्लीतल्या घरांना त्रास होत नाही.

नदीवरच्या शहरांत क्रूझ जहाजं येतात आणि एकेका जहाजातून दीड-पावणेदोनशे माणसं सकाळी एकदम उतरतात. त्यांचं वेळापत्रक बंदरातून किंवा पर्यटन कार्यालयातून काढून घ्या. ती नऊ-दहाला उतरत असतील तर तुमचा फेरफटका दुपारी चारला ठेवा. तेव्हा ऊनही उतरतं आणि तोच पूल मोकळा मिळतो.

दोन तासांच्या फेरफटक्यात पाच-सहा थांबे पुरेत. यादी लांबवण्यापेक्षा एका जागी थांबून ती नीट दाखवा. बाम्बेर्गचं जुनं नगरगृह नदीच्या मधोमध बेटावर आहे. तिथे पुलावर उभं राहून खालून वाहणारं पाणी पाहण्यात पंधरा मिनिटं गेली तर ती वाया गेलेली नाहीत.

बोटीवरचं जेवण

छान कल्पना, पण बोट निघाली की कुणालाच उतरता येत नाही हे आधी सांगा. लवकर जायचं असलेल्यांची सोय वेगळी करा. किती जण बसू शकतात आणि किती जण बसून जेवू शकतात, हे आकडे वेगळे असतात. चाकाच्या खुर्चीसाठी फळीचा उतार किती आहे ते विचारा, कारण पाणी खाली-वर झालं की तो बदलतो. पाण्यामुळे बोट बंद राहिली तर बोटीचा मालक काय देणार, पैसे की धक्क्याला बांधलेल्या बोटीवरच जेवण, हे लेखी घ्या आणि जमिनीवरची एक जागा पर्याय म्हणून धरून ठेवा.

तिथे राहणाऱ्यांचा विचार

मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. छोट्या शहरात तुमचा गट म्हणजे त्या गल्लीतली त्या दिवसाची मोठी घटना असते. लुआंग प्राबांगमध्ये पहाटे भिक्खू भिक्षेला निघतात. तो धर्मविधी आहे, पाहुण्यांसाठीचा कार्यक्रम नाही. गट नेणार असाल तर लांब, शांत उभे राहा, फ्लॅश बंद ठेवा आणि वाट अडवू नका. इतरत्रही रात्री दहानंतर घोळक्याने गात परतू नका. दुकानदारांना आधी कळवलं तर ते आनंदाने जास्तीचा माणूस ठेवतात. न कळवता साठ जण दारात उभे राहिले तर नेहमीचं गिऱ्हाईक परत जातं. गाइड, छायाचित्रकार, फुलं, छपाई यांतलं जेवढं तिथलं घेता येईल तेवढं तिथलंच घ्या.

प्रत्यक्ष दिवशी

एकच वेळापत्रक सगळ्यांच्या हाती द्या: मिनिटवार, जबाबदार माणसाच्या नावासह, बसच्या चढण्याच्या जागेच्या फोटोसह. प्रत्येक गटात पुढे गाइड आणि शेवटी तुमचा एक माणूस, जो कुणालाही मागे सोडणार नाही. माथेमोजणी बसमध्ये चढताना करा, उतरताना केलेली कामाची नाही. आदल्या संध्याकाळी नदीची पातळी आणि हवामान पाहा, आणि पर्यायी मार्गावर जायचं की नाही याचा निर्णय त्याच रात्री नऊपर्यंत घेऊन सगळ्यांना कळवा.

परतल्यावर आठवडाभरात हिशेब मिटवा. राखलेल्या खोल्या आणि भरलेल्या खोल्या, नोंदवलेली जेवणं आणि प्रत्यक्ष वाढलेली जेवणं, प्रत्येक टप्प्याला ठरलेला आणि लागलेला वेळ, हे आकडे शेजारी शेजारी लिहून फाइलला लावा आणि त्याची एक प्रत पर्यटन कार्यालयालाही पाठवा.